तारेचा फास

४ डिसेंबर

प्रिय खिट्ट्या,

पाकिटावर तुझं पूर्ण नाव, हुद्दा, कंपनीचा पत्ता सगळं नीट घातलंय. म्हणजे तुझ्या हाताखालच्या लोकांसमोर तुझी शोभा व्हायला नको. आत मात्र तू खिट्ट्याच. अप्पा फाटक चढवत असताना शेजारी तोंडात लाकडी खिट्ट्या धरून उभा राहणारा, आणि कुणी काही विचारलं की नुसतं "हं" म्हणणारा. फोनवर अजूनही तू तेवढंच म्हणतोस. गेल्या खेपेला आपण काय बोललो, आठवतंय? तू म्हणालास, "ठीक आहे." मी म्हणाले, "इथंही ठीक आहे." झालं, संपला फोन. म्हणून यंदा पत्र. पत्रात निदान मला मध्येच तोडता येणार नाही तुला.

घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. काही कामही नाही. नव्या डॉक्टरीणबाईंनी मला रोज चालायला लावलंय, तेवढीच बातमी. दुकानात वर्षानुवर्षं खुर्चीत बसून चष्म्यांचे स्क्रू पिळले, त्याची शिक्षा आता गुडघे भोगतायत. दुकान सोडलेलं नाही हं. सोमवार ते बुधवार अजून जाते. पण रोज उन्हं अंगणात उतरली की आधी बाहेर पडते. डोक्यावर तुझ्या भाऊजींची कानटोपी, अंगात दोन स्वेटर आणि वरून अप्पांचा तो तपकिरी कोट. काल दूधवाल्यानं मला "काका" अशी हाक मारली.

गल्ली संपली की कुरण, कुरणातून टेकडी, टेकडीवरून ओढ्याच्या काठानं परत. आपण लहानपणी हुंदडायचो तीच वाट. तेव्हा फाटकं ओलांडायची असायची, बघायची नसायची. आता धाप लागते म्हणून प्रत्येक फाटकाशी थांबावं लागतं, आणि थांबलं की बघणं होतं. गावभर फाटकं घडवणाऱ्या अप्पांच्या पोटी जन्मून हे सगळं मी या वयात पहिल्यांदा बघतेय, हस तू.

पहिलं म्हणजे ते अर्ध्या गोल कठड्यात इकडून तिकडे झुलणारं. आत शिरायचं, कोपऱ्यात अंग चोरून उभं राहायचं, फाटक आपल्यापुढून पलीकडे ढकलायचं आणि बाहेर पडायचं. माणूस जातो, मेंढी जात नाही. परवा मीही जात नव्हते. कोटाचा खिसा कडीत अडकला आणि मी त्या पिंजऱ्यात अशी काही फसले की शेवटी आधी कोट पलीकडे टाकला, मग मी गेले. त्याच्या पुढची दगडी फट तुला आठवत असेल. फाटकच नाही, नुसत्या दोन उभ्या शिळा, मधून जेमतेम पाय जावेत एवढी जागा. तुझे भाऊजी एकदाच आले माझ्याबरोबर, तिथवर. पोटाला हात लावून म्हणाले, "ही वाट माझ्यासाठी नाही," आणि आनंदानं घरी परतले.

आपल्या घराचं फाटक विचारशील तर ठणठणीत आहे. फक्त आता बंद असतं. अप्पांच्या वेळी ते दिवसरात्र सताड उघडं असायचं. पण मेंढीवाल्यानं कळप खालच्या कुरणात आणायला सुरुवात केली आणि मेंढ्या थेट तुझ्या भाऊजींच्या कोबीवर यायला लागल्या. म्हणून काही वर्षांपासून आतून तारेचा फास घालून ठेवतो. दिसतं वाईट, पण कोबी वाचतो.

उत्तराची घाई नाही.

तुझी,
ताई

१२ डिसेंबर

प्रिय खिट्ट्या,

उत्तर आलं नाही. यायलाच हवं असं नाही, मी आपलं सहज म्हणते. तुझे भाऊजी म्हणतात की मी हल्ली पोस्टमनला रोज चहाला थांबवते. थंडी किती आहे, त्या बिचाऱ्याचे हात बघ जरा.

आज एक धंद्यातला प्रश्न आहे. तू फाटकांच्या कंपनीतला मोठा माणूस, तुलाच विचारणार.

टेकडीच्या माथ्यावर अप्पांचं फाटक आहे ना, पाच आडव्या फळ्यांचं, खालच्या बिजागरीपासून वरच्या कडीपर्यंत तिरकी पट्टी घेतलेलं? सोडून दिलं की आपोआप मिटणारं. खालची बिजागरी अप्पांनी अंगठाभर बाहेर घेतली होती, म्हणून फाटकाचा कल नेहमी घराकडे, असं ते म्हणायचे. वरच्या फळीला कडीजवळ हात ठेवायला खोलगट जागा कोरलेली आहे. प्रत्येक फाटकाला ते ती कोरायचे, आणि ती कोरताना कुणाशी बोलायचे नाहीत. परवा हातमोजा काढून मी तिथं हात ठेवला. लाकूड बर्फासारखं गार होतं आणि गुळगुळीत इतकं, की लोकांनी किती वर्षं हात ठेवला असेल ते कळावं. मला बरं वाटलं. कोणी नव्हतं आजूबाजूला म्हणून अप्पांशी चार शब्द बोलूनही घेतले.

तर प्रश्न असा. ते फाटक थंडीत किंचाळायचं, आठवतं? खाली घरात आपल्याला ऐकू यायचं आणि आई म्हणायची, आला कुणीतरी टेकडीवरून. आता किंचाळत नाही. मी वाकून बघितलं, तर वरच्या बिजागरीखाली एक काळी चकती बसवलेली. रबर नाही, लाकूड नाही, काहीतरी कडक आणि गुळगुळीत, कडा सुरेख घासलेल्या. आमच्या चष्म्यांच्या बिजागरीत असते तशीच, फक्त राक्षसाच्या चष्म्याची म्हणावी एवढी. अप्पांचं काम नव्हे हे, अप्पा चरबी लावायचे. कुणी बसवली असेल? आणि असल्या चकतीला तुमच्यात काय म्हणतात?

तुमची फाटकं माणूस समोर आला की आपोआप उघडतात म्हणे. तुझे भाऊजी तुमच्या कंपनीची जाहिरात बघून आले बँकेत, आणि "आपल्या खिट्ट्याची फाटकं" म्हणून तिथल्या शिपायाला सांगून आले. मला मात्र ते जेवणाचं टेबल आठवलं. अप्पा म्हणाले होते, "हात लावावा लागत नाही ते फाटक कसलं?" आणि तू म्हणालास, "तुमची फाटकं कुजतात, माझी कुजणार नाहीत." दोघंही ताटावरून उठलात. मी आणि आई चौघांचं जेवण पुढ्यात घेऊन बसलो होतो.

भांडण तुझं नि अप्पांचं. अप्पा गेले, आणि ते भांडण घरासकट माझ्या वाट्याला आलं. मला ते नको होतं रे. घरच पुरेसं होतं, त्याचं छप्परही गळतं.

चकतीचं नाव कळव.

ताई

२१ डिसेंबर

प्रिय खिट्ट्या,

आज जे झालं ते क्रमानं सांगते, नाहीतर माझंच डोकं फिरेल.

सकाळी गवत पांढरं झालं होतं, पावलागणिक कुरकुर वाजत होतं. दगडी फटीच्या पुढे, साखळीला धोंडा लटकवलेलं फाटक आहे ना, ते आज सताड उघडं. धोंडा उचलून बाजूच्या भिंतीवर ठेवलेला. क्षणभर वाटलं, कुणीतरी विसरलं, बंद करावं. हात पुढे केलासुद्धा. मग अप्पा आठवले. "फाटक जसं सापडलं तसं सोडायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. कुणी का ठेवलंय ते आपल्याला ठाऊक नसतं." वरणभाताआधी शिकवलं होतं आपल्याला हे. मी हात मागे घेतला आणि तशीच पुढे निघाले.

"चष्मेवाल्या बाई, बरं केलंत!" मेंढीवाला भिंतीआडून उठला. हा तुझ्याच वर्गात होता, पुढचे दात पडलेला. आता दात आहेत, विकतचे. म्हणाला, "पाण्याला वर जाव्यात म्हणून उघडं ठेवलंय. काल कुणी फिरायला आलेले भले लोक बंद करून गेले. मेंढ्या ओरडून ओरडून हैराण. तुमच्या घरात ते कुणी करणार नाही, अप्पांची शिकवण आहे."

मी फुशारले. म्हटलं, आता विचारून घ्यावं. "वरच्या फाटकाची ती काळी चकती तुम्ही बसवलीत का हो? छान काम आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मी? अहो, तुमच्या भावानं बसवली ती."

"कुणी?"

"तुमचा भाऊ. खिट्ट्या. दोन हिवाळे झाले की. कोकरं व्हायचे दिवस होते, मी वरच होतो मुक्कामाला. हा फाटकाशी बसलेला, शेजारी बॅग. मी फाटक खांद्यावर तोलून धरलं आणि त्यानं बिजागरी काढून चकती घातली. खिशातच होती त्याच्या."

मी म्हटलं, "तो इथं आला होता?"

"तुम्हाला माहीत नाही? मला वाटलं तुमच्याकडूनच आला असेल. नंतर म्हणाला की घरी गेलो होतो पण फाटक बंद आहे, आतून तार लावलीये. मी म्हटलं, अरे मग काढ की तार, नाहीतर हाक मार. तर म्हणाला, 'नको, बंद सापडलंय.' मग खाली उतरला तो सरळ बसकडे."

पुढे तो बराच वेळ कोकरांबद्दल काहीतरी सांगत होता. मी मान हलवत होते. मग घरी आले. तुझे भाऊजी म्हणाले, "एवढ्या लवकर?" मी फाटकाशीच उभी राहून तारेकडे बघत बसले.

बोटं वळत नाहीयेत, लिहिणं थांबवते.

ताई

२२ डिसेंबर

अरे गाढवा,

रात्रभर झोप नाही, त्यामुळे ही हाक. कालचं पत्र पोस्टात टाकून आले आणि दारातच लक्षात आलं की सांगायचं ते राहूनच गेलं.

ती तार मेंढ्यांसाठी होती! मेंढ्यांसाठी! तुझ्यासाठी नाही! तू आलास तेव्हा मी दुकानात कुणाच्या तरी नाकावर चष्मा बसवत असणार आणि तुझे भाऊजी रेडिओ मोठा करून खुर्चीत घोरत असणार. तू नुसता खोकला असतास तरी जागे झाले असते. आणि तू, एवढा मोठा माणूस, देशोदेशी जाऊन लोकांची फाटकं उघडणारा, स्वतःच्या बापाच्या घराचं फाटक बंद दिसलं म्हणून बॅग उचलून चालता झालास?

माझ्या डोळ्यांपुढून ते हलत नाहीये. सदैव उघडं असणारं फाटक, त्यावर तार, आणि तू बाहेर. तुला काय वाटलं असेल ते मला कळतं. अप्पा गेले आणि ताईनं फाटक लावून घेतलं, हेच ना? मी रडले, सांगून टाकते. भाऊजींसमोर रडले, ते एवढे घाबरले की त्यांनी स्वतः चहा केला.

अप्पांचा तो नियम दुसऱ्यांच्या फाटकांसाठी होता रे. ज्या कुरणातलं आपल्याला काही ठाऊक नसतं त्या कुरणासाठी. घराचं फाटक ढकलायचं असतं, ढकलून उघडलं नाही तर लाथ घालायची असते, आणि तरीही नाही उघडलं तर गल्ली जागी होईल असं ओरडायचं असतं. हे अप्पांनी वेगळं सांगितलं नाही, कारण त्यांना वाटलं असेल की एवढं तर पोरांना कळेल. नाही कळलं. अख्ख्या गावात असली चूक करणारे दोघंच निघाले असते, ते अप्पांच्या घरात जन्मले. दोघं म्हणते, कारण फोनवरचं तुझं बोलणं आटलं तेव्हा मीही मनाशी हेच म्हटलं होतं: बंद सापडलंय, बंद राहू दे.

पण एक मनात येतं आणि सारखं हसू येतं. तू रागानं परत गेलास, ते वाटेत टेकडी चढून. आणि अप्पांच्या फाटकाला तुझ्या कंपनीची चकती घालून. चकती काय सहज खिशात असते माणसाच्या? तू ती घरूनच घेऊन निघाला होतास. कडा हातानं घासल्यास, मला ते काम ओळखू येतं, आयुष्यभर तेच केलंय. अप्पांना दाखवायला आणली होतीस ना? अप्पा आता तिथंच भेटतात, हे तुलाही ठाऊक आहे म्हणायचं.

आता काय केलंय ते ऐक. दुपारी तुझ्या भाऊजींना हाताशी धरलं आणि आपल्या घराचं फाटक बिजागऱ्यांवरून उचलून काढलं. तार कापून टाकली. फाटक लाकडं ठेवायच्या खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवलंय. आता ते उघडंही नाही आणि बंदही नाही. आता लाव तुझा नियम, कुठे लावतोस ते बघते.

परत चढवायला दोन माणसं लागतात. एक उचलणारं आणि एक तोंडात खिट्ट्या धरणारं. तुझ्या भाऊजींची कंबर उतरवतानाच धरली, त्यामुळे ते बाद. मी उचलायला तयार आहे.

ताई

२ जानेवारी

प्रिय खिट्ट्या,

मेंढ्या आल्या.

पहिल्या दिवशी दोनच होत्या, संकोचून उभ्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नातेवाईक आणले. कोबीचा एकही गड्डा उरला नाही, नुसते बुंधे उभे आहेत. तुझे भाऊजी सकाळपासून छत्री घेऊन पायरीवर बसतात, पण मेंढ्यांना छत्रीची भीती वाटत नाही असं दिसतं. काल एक मेंढी स्वयंपाकघरापर्यंत आली. मी चहा करत होते, वळून म्हटलं, "बस," कारण मला वाटलं हेच आलेत.

मेंढीवाला शरमला बिचारा. म्हणाला, "बाई, मी फाटक चढवून देतो, माणूस घेऊन येतो." मी म्हटलं, नको. तो म्हणाला, "मग निदान तात्पुरती फळी आडवी लावतो." तीही नको म्हटलं. त्यानं भाऊजींकडे बघितलं. भाऊजी म्हणाले, "माझ्याकडे बघू नका, मी या घरात जावई आहे." मग मी त्याला खरं कारण सांगितलं. तो डोकं खाजवून म्हणाला, "मग बरोबर आहे," आणि जाताना कळप शक्य तितका वर ठेवायचं कबूल करून गेला.

आता खरं सांगते, मी मजेत आहे. अंगणाची वाट लागलीये, गुडघा दुखतो, आणि तरी हल्ली सकाळी उठल्यावर बरं वाटतं. खिडकीतून बघितलं की दोन खांब, मधे काहीच नाही, आणि थेट टेकडीपर्यंतचं दिसतं. ही शेवटची दोन वर्षं आपण दूर राहिलो ते कुणा एकाच्या दुष्टपणानं नाही, एका तारेमुळे आणि अप्पांच्या शिकवणीमुळे, हे कळल्यावर माझ्या मनावरचं ओझंच उतरलं. तुझं मन दुखावलं असेल, माझंही दुखलं, पण त्यात नासकं असं काही नव्हतं.

तू नाही आलास तरी मी रागावणार नाही असं लिहिणार होते. पण ते खोटं ठरेल. रागावीन. फार रागावीन. ये.

ताई

(खाली भाऊजींच्या अक्षरात)
बाबा रे, कोबी गेला तो गेला. आता गुलाबाला तोंड लावतायत. तुझी बहीण ऐकत नाही, हे तुला मी नव्यानं सांगायला नको. लौकर ये. येताना माझ्यासाठी कंबरेचा पट्टा आण, मोठा.

शनिवार, सकाळ
(फाटकाच्या डाव्या खांबाला टाचलेली चिठ्ठी)

खिट्ट्या,

तुझं पुडकं काल मिळालं. पोस्टमनला चहाबरोबर बिस्किटंही दिली. आत दोन काळ्या चकत्या आणि कागदाच्या कपट्यावर तुझं अख्खं पत्र: "फाटक तसंच राहू दे. शनिवारच्या बसनं येतो." एवढंच. वर्षांनी लिहायचं आणि तेही हिशेबानं. भाऊजी तो कपटा चष्मा लावून आणि चष्मा काढून वाचत होते, दोन्ही वेळा तेवढाच निघाला.

चकत्या आपल्या बिजागऱ्यांना किंचित मोठ्या होतात. मी घासायला घेतल्या होत्या, मग ठेवून दिल्या. तुझ्या हातचं काम आहे ते.

मी घरात नाही. बस यायची वाट बघत बसले असते तर भाऊजींना वेड लागलं असतं, म्हणून फिरायला निघालेय. बाटलीत गरम चहा घेतलाय. वरच्या फाटकाशी उभी असेन, तिथून रस्ता दिसतो, बस दिसते आणि आपलं अंगण दिसतं. अप्पांच्या कोटात असेन, ओळखशील.

तू मात्र वर यायचं नाहीस. आधी खांबांच्या मधून आत ये. थांबू नकोस, इकडेतिकडे बघू नकोस, कुणाला विचारू नकोस. भाऊजी आत आहेत, रेडिओ बंद करायला सांगितलाय. मेंढी दिसली तर हाकल.

तू आत शिरलेला मला वरून बघायचंय. ते एकदा बघितलं की येतेच खाली.

ताई